गौतमदादाला माहीत नव्हतं

“हे कोण विचारून राह्यलं? तुमी, का तुमची वैदीण?”

गौतमदादाच्या घरी पहिल्यांदा खेळायला बसले त्या रविवारी हा प्रश्न त्याने मला इतक्यांदा विचारला की शेवटी मी चिडून म्हटलं, “दादा, मी कोण हेच मले आता आठवत नाही.” तो हसला नाही. “मंग बरोबर चाललं हाय,” एवढंच म्हणाला आणि फासा माझ्याकडे सरकवला.

तो खेळ आधी सांगितला पाहिजे, कारण त्याच्याशिवाय हा माणूस सांगताच येत नाही. टेबलाभोवती बसायचं. एकाने गोष्ट चालवायची. त्याला आम्ही सूत्रधार म्हणायचो. बाकीच्यांनी त्या गोष्टीतलं एकेक पात्र व्हायचं. पात्राने काय करायचं ते आपण बोलायचं, आणि ते साधतं की फसतं हे वीस बाजूंचा एक फासा ठरवणार. बाहेरच्या देशांत यात राक्षस नि जादूगार असतात म्हणे. गौतमदादा हा खेळ इंजिनिअरिंगच्या हॉस्टेलात शिकला, आणि त्यातले राक्षस काढून त्याने वैनगंगेच्या काठचं एक राज्य त्यात बसवलं. तिथे एक विधवा राणी होती, पडका किल्ला होता, मोहाचं जंगल होतं. मी त्या राज्यातली वैदीण. गौतमदादाची धाकटी बहीण वैशाली म्हणजे राणीची हेर, कोयल. आणि नागपुरातल्या धरमपेठेतून मोटरसायकलवर येणारा नितीन म्हणजे राणीचा सरदार, भैरव. एवढेच आम्ही तिघं आणि सूत्रधार.

कोराडीच्या कॉलनीत त्याचं क्वार्टर आमच्या अगदी समोर. तो पॉवर स्टेशनात कंट्रोल रूमला, आमचे हेही तिथेच. रविवारी हे ड्युटीवर तरी असत नाहीतर घोरत तरी. मी जवळच्या शाळेत मराठी शिकवते. वयाने गौतमदादा माझ्याएवढाच, पण सगळी कॉलनी त्याला दादा म्हणे म्हणून मीही. तो मला मास्तरीणबाई म्हणायचा. घरात आई, वैशाली आणि तो. वडील लवकर गेले. वैशालीचं झालं की मग माझं, असं म्हणत त्याने स्वतःचं लग्न पुढे ढकललं होतं, आणि ते कुठवर ढकललं गेलं हे मग त्यालाही सापडेना.

खेळात त्याचा एकच नियम होता आणि त्यात तडजोड नव्हती. आपल्याला माहीत असलेलं आपल्या पात्राला माहीत असतंच असं नाही. टेबलावर बसून मी सगळं ऐकते, पण माझी वैदीण तर चार कोसांवरच्या झोपडीत निजलेली असते. तिने जे ऐकलं नाही ते तिने वापरायचं नाही. एकदा मंत्र्याने लाडवांत विष कालवलं. कालवताना कोयल खिडकीतून पाहत होती, म्हणजे टेबलावर आम्ही सगळ्यांनीच ऐकलं. पुढच्याच घटकेला मंत्र्याचा नोकर ताट घेऊन माझ्या वैदिणीच्या दारात हजर.

“वैदीण लाडू खाते का?”

“नाही खात. तिले गोड आवडत नाही.”

“पाटलाच्या घरच्या बारशाले तर जिलबी मागून मागून खाल्ली.”

“तिचं पोट बिघडलं हाय.”

“कवापासून?”

“आत्तापासून!”

“मास्तरीणबाई,” तो शांतपणे म्हणाला, “तुमाले माहीत हाय. तिले नाही. खाऊ द्या बिचारीले.”

खाल्ला लाडू. फासा वाईट पडला, वैदिणीची वाचा गेली आणि पुढचे कितीतरी रविवार मी हातवारे करून काढे सांगत बसले. नितीन हसून हसून खुर्चीतून खाली यायचा. वैशाली त्याच्याकडे पाहून हसायची. तेव्हा मला तेवढंच दिसलं.

एखादं गुपित एकाच पात्राला कळायचं असलं की गौतमदादा त्या खेळणाऱ्याला स्वयंपाकघरात नेई आणि कानात सांगे. आई तिथे कोथिंबिरीच्या सांबारवड्या तळत असायची, त्यामुळे राज्यातली सगळी गुपितं तिला ठाऊक. “मी कोणाले सांगत नाही बाप्पा,” ती म्हणायची, “मले समजतच नाही काही.”

हे सगळं टेबलापुरतं राहिलं असतं तर मी त्याच्यावर लिहायला बसले नसते. पण तो नियम त्याच्या हाडीमाशी खिळला होता. शेजारच्या बोरकरांची बदली ठरल्याचं साहेबाने गौतमदादाला विश्वासाने सांगितलं होतं. बोरकरांना पत्ता नाही. त्यांनी हौसेने क्वार्टरच्या मागे संत्र्याची कलमं लावायला घेतली आणि दादाला हाक मारली. हा गेला! भर उन्हात डोक्याला दुपट्टा बांधून त्याने बोरकरांबरोबर खड्डे खोदले, शेणखत घातलं, कलमांना पाणी किती द्यायचं यावर हुज्जतही घातली. थोड्याच दिवसांत बदलीचा हुकूम आला. बोरकरवहिनी कलमांजवळ उभ्या राहून रडल्या. मी दादाला झापलं.

“तुमाले माहीत होतं ना?”

“साहेबानं कंट्रोल रूमवाल्याले सांगितलं होतं. बोरकरच्या शेजाऱ्याले नाही.”

“अन् हे दोघं येगळे हायत का?”

“असाले पाह्यजे,” तो म्हणाला.

हसावं की त्याच्या थोबाडीत मारावी, हे मला त्या दिवशी कळेना. आता कळतं.

त्याच्या या खुळामागे एक दुखरी जागा होती. ती त्याने मला एकदाच दाखवली. नितीन पहिल्यांदा आला तेव्हा मी सवयीने त्याचं आडनाव विचारलं, तर गौतमदादाने मला मध्येच थांबवलं. नितीन गेल्यावर म्हणाला, “या टेबलावर आडनाव नाही, मास्तरीणबाई. लहानपणी मी एका दोस्ताच्या घरी रोज जाऊ. माठातलं पाणी आपल्या हातानं घेऊन पिऊ. एक दिवस त्याच्या आजीनं आडनाव विचारलं. दुसऱ्या दिवशी तिनं पाणी वरून ओंजळीत ओतलं. मी तोच होतो ना? मी काही केलं नव्हतं. त्या बुढीले एक गोष्ट माहीत झाली अन् तिनं ती वापरली.” मग फासे डब्यात भरत तो म्हणाला, “माहीत होणं आपल्या हातात नाही. न वापरणं हाय.”

मी पुन्हा कधी कोणाला त्या घरात आडनाव विचारलं नाही.

आता नितीन. धरमपेठेत त्याच्या वडिलांचं नळ-फरशांचं मोठं दुकान. पोरगा दिसायला देखणा, जिभेवर साखर. आल्याआल्या आईच्या पाया पडायचा, सरळ स्वयंपाकघरात शिरून कढईजवळची वडी उचलायचा आणि “माय, तुह्या हातची चव आमच्या घरी नाही” म्हणायचा. आई विरघळायची. भैरव म्हणून तर त्याचं विचारूच नका. आगीत उडी, नदीत उडी, बुरुजावरून उडी. जिवावर उदार होणं त्याला फार सोपं जायचं. वैशालीही धरमपेठेतच एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये नोकरीला होती, रोज बसने जाऊन येऊन. टेबलावर ती त्याला ‘नितीनजी’ म्हणे आणि तो तिला ‘तुम्ही’ म्हणे. ती इतकी सभ्यता बघून तरी मला संशय यायला हवा होता.

राणीचा नवरा खरं म्हणजे मेलेला नव्हता. कुंभारटोला नावाच्या गावात वेष पालटून राहत होता. गोष्टीतलं हे सगळ्यात मोठं गुपित. एका रविवारी गौतमदादाने वैशालीला स्वयंपाकघरात नेऊन ते तिच्या कानात सांगितलं आणि खेळ तिथेच थांबवला. नितीन लगेच निघाला. त्याची गाडी फाटकाबाहेर पडली तेव्हा आम्ही सगळे, वैशालीसकट, दारात उभे होतो. पुढच्या रविवारी भैरव जंगलात एका फाट्यावर पोचला. एक वाट किल्ल्याकडे, एक घाटाकडे, एक कुंभारटोल्याकडे. नितीनने क्षणाचाही विचार केला नाही.

“भैरव कुंभारटोल्याले जाते.”

गौतमदादाचा हात फाशावर थांबला. “काहून?”

“असंच. मनात आलं.”

“तिथं काय हाय?”

“काही नाही भाऊ. जाऊन पाहू म्हटलं.”

कूलर घरघरत होता. गौतमदादाने नितीनकडे पाहिलं, मग वैशालीकडे. ती टेबलाचा रंग नखाने खरवडत होती आणि तिचे कान लाल झाले होते. काय कोणाला सांगितलं, कोणी ऐकलं, तेव्हा कोण कुठे होतं, हा हिशेब त्या माणसाचं डोकं झोपेतही करत असे. भेटून असो की फोनवर, ही दोघं आठवडाभर एकमेकांशी बोलत होती. आणि अशी बोलत होती की खेळातलं गुपित जिभेवरून सहज निसटून जावं, आणि निसटलं हे नितीनच्या लक्षातही राहू नये. मला हे उमगायला थोडा वेळ लागला. त्याला लागला नाही.

“भैरवले ते माहीत नाही, नितीन,” तो म्हणाला. वाक्य नेहमीचंच, फक्त आवाज बसका निघाला. “दुसरी वाट घे.”

नितीनने घाटाची वाट घेतली आणि खेळ पुढे सुरू झाला.

त्या संध्याकाळी फाटकाशी मी दादाला गाठलं. “विचारा त्याले सरळ. चांगलं असन तर चांगलंच हाय. लग्न लावून द्या.”

“त्यांनी मले सांगितलं नाही.”

“पण तुमाले समजलं ना!”

“मले समजलं. वैशालीच्या भावाले कोणी सांगितलं नाही.” तो जरा थांबला. “सांगतीन ते. ज्याचं त्यानं सांगावं. मी न सांगितलेलं वापरलं तर त्या बुढीत अन् माह्यात काय फरक राह्यला?”

मी भांडले. त्यानंतरही जेव्हा जेव्हा एकटा सापडला तेव्हा भांडले. शेवटी त्याने मला आईची शपथ घातली की वैशालीजवळ मी अवाक्षर काढायचं नाही. तिने मलाही काही सांगितलेलं नव्हतं ना!

मग वाट पाहणं सुरू झालं, ते दोन वर्षं चाललं. वैशालीला स्थळं येत होती. भंडाऱ्याचा एक शिक्षक मुलगा आईला फार पसंत होता, माणसंही चांगली. गौतमदादाने नकार कळवला. का, ते सांगितलं नाही. आईने कितीतरी दिवस त्याच्याशी अबोला धरला. त्याने तो मुकाट गिळला, रोज तिच्या गुडघ्यांना तेल लावून देत राहिला आणि रविवारी ठरल्या वेळी टेबलावर कापड अंथरत राहिला. नितीन यायचा, वडी उचलायचा, भैरव व्हायचा. सूत्रधाराच्या मनात राग आला म्हणून भैरवाच्या वाट्याला कधी एकही वाईट प्रसंग आला नाही. फासा जे म्हणेल तेच. मला तो निःपक्षपातीपणा पाहवत नसे.

एकदा मात्र त्याने स्वतःचा नियम वाकवला, तोही गोष्टीच्या आडून. राणीने भरदरबारात भैरवाला उभं केलं. गौतमदादा राणीच्या आवाजात म्हणाला, “भैरवा, तुझ्या मनात जे आहे ते चारचौघांत सांगायची हिंमत आहे का तुझी?” त्याने काय मांडलंय ते मला लगेच कळलं. वैशालीने मान वर केली. नितीन खुर्ची सारून उभा राहिला, छातीवर हात ठेवला. “राणीसाहेब, भैरव ज्याला आपलं म्हणतो त्याचा हात साऱ्या जगासमोर धरतो. आणि कुळ विचारणाऱ्याची जीभ छाटतो!” त्याने फासा टाकला. वीस. वैशालीने टाळ्या वाजवल्या, तिचे डोळे भरून आले होते. गौतमदादा थांबला होता. आता भैरव बाजूला होईल आणि नितीन बोलेल, या आशेने तो त्या पोराच्या तोंडाकडे पाहत होता.

नितीन खाली बसला आणि म्हणाला, “भाऊ, याचे पॉइंट मिळतीन ना?”

खेळणाऱ्याचं गुपित पात्रात चटकन झिरपतं. पात्राची हिंमत खेळणाऱ्यात झिरपत नाही, हे त्या दिवशी मी पाहिलं. गौतमदादाने पॉइंट दिले.

दिवाळीनंतर नितीन येईनासा झाला. दुकानात सीझन आहे, पप्पांची तब्येत बरी नाही. टेबल भिंतीला लागलं. आणि मग एका रविवारी तो आला तो पेढे आणि पत्रिका घेऊन. मी विरजण मागायला गेले होते, ते भांडं हातात धरून उभीच राहिले.

“भाऊ, यायचंच बरं का. आई, तुम्ही पण.” माय-तुह्याचं एका दिवसात आई-तुम्ही झालं होतं. मुलगी अमरावतीची, त्यांच्यातलीच. घरच्यांनीच जमवलं, तो म्हणाला. आईने पाणी दिलं. त्याने ग्लास हातात घेतला आणि तसाच खाली ठेवला.

वैशाली आतल्या दाराच्या चौकटीत होती. मी गौतमदादाकडे पाहत होते. आता तरी बोल, मी मनात म्हणत होते, आता तरी याची गचांडी धर. गौतमदादाने पत्रिका दोन्ही हातांनी घेतली.

“अभिनंदन,” तो म्हणाला.

नितीनच्या तोंडावर जी सुटका पसरली ती मी मरेपर्यंत विसरणार नाही. या माणसाला काहीच माहीत नाही, असं समजून तो हलक्या पावलांनी निघून गेला.

वैशाली बाहेर आली. तिने पेढ्यांच्या डब्याकडे पाहिलं, मग भावाकडे.

“तुले माहीत होतं.”

त्याने पत्रिका भिंतीला लागलेल्या टेबलावर ठेवली.

“तो बोलून राह्यला होता तवा तू माह्याकडं एकदाबी पाह्यलं नाही. माहीत नसतं त पाह्यलं असतं. कवापासून माहीत हाय तुले?”

गौतमदादाला खोटं बोलता येत नसे. “कुंभारटोल्यापासून.”

“तवापासून?” तिचा आवाज फुटला. “अन् तू फासे टाकत बसला?”

“तू सांगितलं नाही, वैशू. मी वाट पाहून राह्यलो होतो.”

“त्यानं मले शपथ घातली होती! घरी पटवतो, मंग सांगू. दरवेळी पुढं ढकले. तू एकदा विचारलं असतं, फक्त एकदा, त मले तुह्यासमोर खोटं बोलता आलं नसतं. सगळं तवाच उघडं पडलं असतं. मी रोज तुह्या तोंडाकडं पाहू. मले वाटे, माह्या भावाले दिसत कसं नाही? अन् तुले दिसत होतं!”

“न सांगितलेलं मी…”

“मले सूत्रधार नव्हता पाह्यजे दादा. मले भाऊ पाह्यजे होता.”

आई मध्ये पडली, “काय झालं वं, मले कोणी सांगता का?” कोणी सांगितलं नाही. मी विरजण न घेताच घरी आले.

नितीनचा मला फार राग येत नाही. तसले नितीन या शहरात पैशाला पासरी आहेत. जात मानत नाही म्हणत वड्या खातात आणि लग्नाला उभे राहताना आजी-आजोबांची आठवण काढतात. माझा राग गौतमदादावर आहे, कारण तो त्यांच्यातला नव्हता. त्याने विचारलं असतं तर नितीनने वैशालीशी लग्न केलं असतं का? मला नाही वाटत. पण पळपुटा लवकर पळाला असता. वैशालीने रडून घेतलं असतं आणि तिची उमेदीची वर्षं त्या खोट्या दरबारात टाळ्या वाजवण्यात गेली नसती. एका बुढीने माहीत झालेलं वापरलं म्हणून ज्याचं मन मोडलं, त्याने माहीत झालेलं न वापरता बहिणीचं मोडलं. आणि हे त्याला सांगायला जावं तर तो मान खाली घालून ऐकून घेई, आणि त्यामुळे आणखीच चीड येई.

वैशाली हैदराबादच्या एका लॅबमध्ये निघून गेली. आईला फोन करते. आईला कमी ऐकू येतं म्हणून फोन मोठ्याने लावलेला असतो, आणि गौतमदादा त्याच खोलीत बसलेला असतो. तो सगळं ऐकतो, बोलत काही नाही. गेल्या उन्हाळ्यात मी तिथे बसले असताना तिचा फोन आला. कामासाठी ती दिल्लीला चालली होती आणि गाडी नागपूरला थांबणार होती. “आई, तू स्टेशनवर ये. समोरच्या ताईले संग घे. दादाले सांगू नको.” गौतमदादा समोर बसून चहा पीत होता. त्याने मान हलवली, जणू हे त्यालाच बजावलं होतं.

ठरल्या दिवशी फाटकाशी ऑटो उभा होता. गौतमदादानेच बोलावला होता. आईला हाताला धरून बसवलं, पाण्याची बाटली दिली, ऑटोवाल्याला सावकाश ने म्हणून सांगितलं. कुठे चाललात, हे मात्र त्याने विचारलं नाही.

गाडी आली. वैशाली उतरली. केस कापले होते, चेहरा ओढलेला होता, चष्मा लागला होता. दोघी मायलेकी एकमेकींना बिलगून रडल्या. मी भरल्या डोळ्यांनी दुसरीकडे पाहायचं म्हणून वर पाहिलं, तर प्लॅटफॉर्मवरच्या पुलाच्या जाळीमागे गौतमदादा उभा. आमच्या मागोमाग स्कूटरवर आला असणार. जाळी दोन्ही हातांनी धरून तो खाली पाहत होता. जिना त्याच्या शेजारीच होता. नागपूरला गाडी बराच वेळ थांबते. त्याला खाली येऊन परत वर जाता आलं असतं.

आईच्या खांद्यावरून वैशालीनेही वर पाहिलं. तिची नजर तिथे थांबली, हे मी पाहिलं. त्याने हात हलवला नाही. तिनेही नाही. मग तिने चष्मा काढून ओढणीच्या टोकाने पुसला, पुन्हा डोळ्यांवर चढवला आणि आईला विचारलं, “दादा कसा हाय वं आई?”

आईची पाठ पुलाकडे होती.

“बरा हाय,” आई म्हणाली. “घरीच हाय. त्याले काही माहीत नाही.”

“बरं,” वैशाली म्हणाली, आणि आईने आणलेली पिशवी घेऊन गाडीत चढली.